चरावरची हरळ

१

मामा रुकय्या सौदीहून परत आल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जलीबच्या खोलीवरून बोलावून घेतलं. त्या आम्हा दोघा भावांच्या मालकीणबाई. कुवेतमध्ये कामाची माणसं घरच्या बाईला मामाच म्हणतात. सत्तरीच्या त्या बाईंना मी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा दादा तोंडावर हात ठेवून हसला होता.

बनेद अल-गारमधलं त्यांचं घर उभं होतं, पण आत काही उरलं नव्हतं. इराकी सैनिकांनी जाताना पंखे नेले, दारं नेली, बटणांचे खटकेसुद्धा उचकटून नेले. मामा अंगणात एका उलट्या क्रेटवर बसून बागेकडे बघत होत्या.

"घास बहुत बडा हो गया," त्या म्हणाल्या. "काटो. हरीस अच्छा काटता था."

हरीस म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ हरिश्चंद्र.

"काटता है," मी म्हणालो.

मग पर्समधून दोन पासपोर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिले. ऑगस्टमध्ये लढाई आली तेव्हा ते त्यांच्याबरोबर सौदीत गेले होते. त्या दोन पुस्तिका नव्हत्या म्हणून आम्ही विमानात बसू शकलो नाही. आमच्या ओळखीचे जवळजवळ सगळे गावी पोचले, आम्ही राहिलो.

"पहले घास," मामा म्हणाल्या. "फिर घर जाओ. माँ के पास."

दरवर्षी फेब्रुवारी सरला की दादा पहिली कापणी करायचा. थंडीत हरळ पिवळी पडून झोपते, ऊन चढलं की उठते. हो, हरळच. इतक्या लांब येऊन श्रीमंतांच्या बागेत आपल्या बांधावरचंच गवत वाढवायचं याची मला गंमत वाटायची. दादाला वाटायची नाही. तो म्हणायचा, "हरळ मरणा नाय रे. एक कांडां टाक, तां उठता."

गेल्या जुलैपासून कोणी ते कापलं नव्हतं. गवत गुडघ्याला लागत होतं आणि वरून काळं होतं. तेलाच्या विहिरी पेटलेल्या होत्या. दुपारी बारालासुद्धा दिवेलागणीसारखा उजेड असायचा आणि तेलकट काजळी सतत पडत राहायची, गाड्यांवर, मांजरांवर, वाळत घातलेल्या लुंगीवर. जलीबच्या खोलीत आम्ही सात जण होतो आणि सातही जणांचे पाय घोट्यापर्यंत काळे होते. साबणाने ते निघत नसत. रॉकेलने पुसायचे आणि बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा तसेच.

मी गवताकडे बघितलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते तेव्हा कळलं नाही.

२

दादा जानेवारीत गेला. गेला म्हणजे सकाळी सायकलवर बसून या बागेत पाणी मारायला गेला आणि परत आला नाही.

सप्टेंबरात सैनिक या घरात राहायला आले आणि आम्हाला मागच्या खोलीतून हाकललं. आम्ही जलीबला रामभाऊंच्या खोलीत गेलो. रामभाऊ रत्नागिरीचे, वायरमन, वयाने आमच्या बापाएवढे. दुकानं रिकामी होती. दादाने सैनिकांच्या हवालदाराशी बोलून ठरवलं की आम्ही रोज येऊन बाग ओली ठेवू आणि त्यांनी आम्हाला रोजचे दहा खुबूस द्यायचे. खुबूस म्हणजे इथली भाकरी. दहा खुबुसांवर आमची खोली जगली. एक दिवस दादा जायचा, एक दिवस मी. सायकल एकच होती.

नोव्हेंबरात त्यांनी हिरवळीतून चर खणला. बोरीच्या झाडापासून भिंतीपर्यंत, कंबरेएवढा खोल. दादाने त्या दिवशी घरी येऊन जेवण घेतलं नाही. पण दुसऱ्या फेरीला त्याने खणून फेकलेल्या हरळीच्या लाद्या गोळा केल्या, सावलीत रचल्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. म्हणाला, "हे जातले. मगे परत लावूक व्हयी." आणि मलाही बजावलं की बागेआधी गोणपाटावर पाणी मारायचं.

त्या सकाळी माझा नंबर होता.

"ऊठ रे लवू. आज तुझो नंबर."

"माका ताप इलोहा. तू जा."

त्याने माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. थंडी होती आणि नाक्यानाक्यावर बंदुका होत्या आणि मला जायचं नव्हतं.

"खोटां बोलतस."

"चुलीत जांव तुझां गवत," मी म्हणालो आणि चादर डोक्यावर घेतली.

मग सायकलचा स्टॅंड वाजला.

"बरां. आज मी जातंय. उद्या तुझो नंबर."

दुसऱ्या दिवशी मी चालत गेलो. फाटकावर नवीनच सैनिक होते, त्यांनी बंदूक छातीला लावून परतवलं. त्यानंतर दोन दिवसांनी आकाशातून बॉम्ब पडायला लागले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत आम्ही जलीबच्या बाहेर पडलो नाही.

आता मी आलो तेव्हा सायकल गॅरेजात होती. स्टॅंडवर उभी, कुलूप लावलेली. किल्ली दादाच्या खिशात असायची.

३

गवत कापायची मशीन कोठीत गोणपाटाखाली होती. ती नेण्यासारखी कोणाला वाटली नसावी. मी प्लग पुसला, डब्यातलं पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ती धडधडली.

दादाची पद्धत होती. थंडीनंतरची पहिली कापणी उंचावरून करायची, ब्लेड वर ठेवून. गवताला एकदम बोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लेड उतरवून पुन्हा. आणि तो स्लिपरसुद्धा काढून ठेवायचा, म्हणायचा पायाला गवत कळतं. दोन वर्षांपूर्वी ब्लेडने उडवलेला दगड त्याच्या डाव्या अंगठ्यावर बसला. नख काळं पडलं, सुटलं, आणि परत आलंच नाही. शामला वहिनी त्याला सुट्टीत चिडवायची, "नवरो इलो कुवेतचो, नख ठेवन इलो थंय."

मी स्लिपर काढल्या नाहीत. भिंतीकडून फाटकाकडे, फाटकाकडून भिंतीकडे, पट्टे मारत गेलो. काळे शेंडे उडाले की खालून हिरवं निघत होतं. आठ महिन्यांत मी इतकं हिरवं काही बघितलं नव्हतं. पंधरा-वीस पट्टे झाले असतील. बोरीपाशी वळलो आणि हात आपोआप थांबले.

तिथे चर असायला हवा होता.

मी मशीन बंद केली. चर नव्हता. झाडापासून भिंतीपर्यंत सपाट, दाट, गुडघाभर हरळ.

मी मनाशी हिशोब मांडला. जानेवारीत, दादा गेला त्याच्या दोन दिवस आधी, मी इथे होतो. चर उघडा होता, लाद्या गोणपाटाखाली होत्या. मग सैनिकांनी तो बुजवला असेल. कशाला बुजवतील? लढाई तोंडावर आलेली, चर तेव्हाच तर लागतो. बरं, बुजवला. वर हरळ कोणी लावली? आणि लावली तर दोन महिन्यांत गुडघ्याला कशी लागली? पाऊस पडला होता, हे खरं. या वर्षी पाऊस बरा झाला. पावसाने होतं. मी तसं स्वतःला दोनदा सांगितलं.

मग खाली वाकलो. आणि सकाळी चुकल्यासारखं काय वाटलं होतं ते कळलं. चरावरच्या गवताला काजळी नव्हती. सगळी बाग काळी आणि मधून एक हिरवा पट्टा, धुतल्यासारखा.

४

त्या दिवशी मी जलीबला गेलो नाही. मागच्या खोलीत मामांनी दिलेली चटई टाकून झोपलो. सकाळी बाहेर आलो आणि नळाजवळ थबकलो.

पाण्याची नळी हुकावर होती. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली.

मी नळी नेहमी गोल गुंडाळतो. दादा त्यावरून मला शिव्या घालायचा. गोल गुंडाळली की तिला पीळ बसतो, उलगडताना मध्ये दुमडते. तो आडव्या आठात गुंडाळायचा, एक वेढा या बाजूला, एक त्या बाजूला. कालपर्यंत ही नळी गवतात कुठेतरी पडलेली होती. ती मशीनखाली येऊ नये म्हणून मी बाजूला ओढली होती, एवढं आठवत होतं. गुंडाळली होती का? मी कधी आठात गुंडाळत नाही. पण थकलेला माणूस काय करतो ते त्याला कुठे आठवतं.

मी नळ सोडला. सूं असा आवाज आला आणि दोन थेंब तांबडं पाणी. शहरात महिनाभर पाणी नव्हतं, टॅंकर यायचे.

बोरीपासून भिंतीपर्यंत गवत ओलं होतं. बाकीचं कोरडं. दव, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. दव झाडाखाली कमी पडतं, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं.

मी ब्लेड खाली केलं आणि काल कापलेल्यावरून पुन्हा फिरलो. मग पट्ट्यावर आलो. मशीन बंद पडली. दोरी ओढली, सुरू झाली. दोन पावलं पुढे नेली, बंद पडली. प्लग काढून पुसला. मागे ओढून काळ्या गवतावर चालवली, छान चालली. पट्ट्यावर आणली, बंद. गवत ओलं असलं की ब्लेड गुदमरतं. तेही खरं आहे. मी मशीनला लाथ घातली आणि कोठीतून कोयती आणली.

हाताने कापल्यावर जमीन दिसली, आणि जमिनीवर सांधे. हातभर लांबीच्या लाद्या, विटांच्या भिंतीसारख्या बसवलेल्या, वरच्या सांध्याखाली सांधा येणार नाही अशा. माझ्या माहितीत कुवेतमध्ये हरळ अशी एकच माणूस बसवायचा.

मी तिथेच बसलो आणि मला इतका आनंद झाला की छातीत दुखायला लागलं. दादाने हे लावलं होतं. म्हणजे चर बुजला तेव्हा दादा जिवंत होता, वर उभा होता, हातात फावडं होतं.

५

रामभाऊ दुपारी आले. त्यांचं विमान शुक्रवारी होतं, आणि माझंही जमवून दिलं होतं त्यांनी. हातात माझा टेपरेकॉर्डर होता. आम्हा भावांना पत्र लिहिणं जमायचं नाही. मी चौथीत शाळा सोडली, दादाने दुसरीत. आम्ही कॅसेट भरायचो आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर धाडायचो. वहिनी त्याच कॅसेटवर आपलं भरून परत पाठवायची. मागून कोंबडी ओरडायची.

"वहिनीसाठी भरून दे," रामभाऊ म्हणाले. "कित्येक महिने तिला काही कळलेलं नाही. आणि जे काय ते एकदाच सांग, लवू. अर्धवट नको. तिला कुंकू लावायचं की पुसायचं ते तरी समजू दे."

"दादा जिवंत आहे."

मी त्यांना लाद्या दाखवल्या. ते काळ्या गवतावर उभे होते, पट्ट्यावर त्यांनी पाय टाकला नाही.

"इराकातून, बसऱ्याहून, बस येतात," मी म्हणालो. "पकडून नेलेली माणसं सोडतायत. तुम्हीच त्याचं नाव हरवलेल्यांच्या यादीत घातलंत ना?"

"घातलं. दर गुरुवारी सुटलेल्यांची यादी लागते. बघायला पाहिजे दर गुरुवारी."

"मग?"

"मग काय. मी देवाला तेच मागतोय." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसावा तसा पॅंटला पुसला, तो आणखी काळा झाला. "पण एक सांग. चर बुजवायची त्यांना घाई का झाली?"

मी एका सांध्यातली माती बोटाने उकरली.

"आत काही ठेवलं असेल तरच बुजवतात. आणि बुजवणाऱ्याने ते बघितलेलं असतं. बघितलेल्याला मागे ठेवतात का?"

"खणून बघतो," मी उठलो.

"खाली बस. सुरुंग असला तर? फौजेच्या माणसांना सांगू, ते बघतील."

"कधी?"

"त्यांच्याकडे शंभर घरांची यादी आहे."

"शुक्रवारच्या आत?"

जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाय धू रे, फरशी घाण होते मामांची." हे त्यांचं नेहमीचं होतं. कोणाचेच पाय धुवून निघत नसत.

६

गुरुवारी वारा पडला आणि धूर खाली आला. सकाळी अकराला मामांनी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली. मला बागेतून फक्त ती ज्योत दिसत होती.

मी फावडं घेतलं. बोरीकडून तिसरी लादी सोडवली आणि बाजूला ठेवली, मग चौथी, पाचवी. खालची माती सुटी होती आणि ओली, अगदी चिखल. समुद्र जवळ आहे, मी म्हणालो. इथे हातभर खणलं की खारं पाणी लागतं. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

पाणी गोड होतं.

मी उकिडवा बसून खणायला लागलो. ढोपरभर खोल गेलो. जेवढं उपसत होतो तेवढं पाणी भरत होतं, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते खालून येत नाहीये. खड्ड्याच्या समोरच्या काठावरून येत होतं. बारीक धार, गवतातून वाट काढत. आणि आवाज होता. तो केव्हापासून होता कोण जाणे. तोंडावर अंगठा दाबून धरलेल्या नळीचा आवाज, पाणी पसरून पडतं तो. हा आवाज ऐकत मी तीन वर्षं सकाळी उठलो होतो.

मी डोकं खालीच ठेवलं. का, ते सांगता येत नाही. मी घाबरट नाही, उलट सगळीकडे आधी उडी मारणारा म्हणून गावात माझी ख्याती आहे. पण मान वर होईना. खड्ड्यातलं पाणी, पाण्यापलीकडे काठ, काठावर हरळ, एवढंच दिसत होतं.

आणि हरळीत दोन पाय.

ते माझ्यापासून दोन हातांवर होते. घोट्याच्या वर धूर होता. ओले पाय. कापलेल्या गवताचे हिरवे तुकडे चिकटलेले, बोटांच्या फटीत, टाचेला. आणि ते स्वच्छ होते. डाग नव्हता. त्या महिन्यात कुवेतमध्ये तसे पाय कोणाचेच नव्हते, तान्ह्या पोराचेसुद्धा.

डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.

माझ्या हातातलं फावडं सुटलं आणि माझ्याच पायावर पडलं. मी ओरडलो, मान वर झाली. समोर धूर होता, बोरीचा बुंधा होता. नळी हुकावर होती. खड्ड्यापलीकडे हरळीत दोन पावलांएवढं गवत दबलेलं होतं, आणि मी बघत असताना ते एकेक पातं करून उठत गेलं.

मी माती परत ढकलली. हातांनी ढकलली. लाद्या बसवल्या, सांध्याखाली सांधा येणार नाही अशा. मग आत जाऊन दार नसलेल्या दाराशी टेपरेकॉर्डर घेऊन बसलो आणि बटण दाबलं.

"वहिनी," मी म्हणालो, "दादाची वाट बघू नको."

जे बघितलं ते सगळं सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं. माझ्या नंबरचंही. गुरुवारची यादी बघायला मी गेलो नाही. गरजच नव्हती.

७

शुक्रवारी रामभाऊ टॅक्सी घेऊन आले. मी कॅसेट दिली आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"वेडा आहेस का? इथे काय आहे तुझं?"

"मामांना माणूस पाहिजे."

"मामांना दहा मिळतील. लवू, यादी तरी बघितलीस काल?"

"बघितली," मी म्हणालो. "नाव नाही."

ते खोटं होतं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला. शेवटी रामभाऊंनी कॅसेट शर्टाच्या आतल्या खिशात घातली.

मी मागच्या खोलीत राहायला आलो. एप्रिलमध्ये नळाला पाणी आलं. मी एक दिवसाआड पाणी मारतो. मधल्या दिवशी मी नळाच्या बाजूला जात नाही. ती दादाची वेळ आहे. खोलीच्या मागच्या दाराने मामांकडे जातो, भांडी घासतो, बाजार आणतो. दुपारी येऊन बघतो तर चरावरची हरळ ओली असते. मला त्याचं भय वाटत नाही. वाटायचं ते पहिल्या आठवड्यात. नंतर उलट बरं वाटायला लागलं. त्या सकाळी मी चुकवलेला नंबर आता रोज थोडा थोडा फेडला जातोय असं वाटायचं. मशीन पट्ट्यावर अजून चालत नाही. तिथे मी कोयतीने कापतो.

मे महिन्यात वहिनीची कॅसेट आली. देवगडचा एक मुलगा घेऊन आला. पहिल्यांदा बराच वेळ नुसती खरखर होती, मग कोंबडी, मग ती.

"भावजी, तुमची टेप पोचली. आये रडान रडान झोपली. मी तेराव्याक बांगडयो फोडलंय. लोक सांगत होते, थांब, बॉडी नाय, कागद नाय, सरकारचा काय नाय. मी सांगलंय, भावजींनी नख नसलेलो अंगठो बघल्यानी. माका तेवढां पुरे. तुमी खोटां बोलुचे नाय, ह्या माका म्हायत आसा."

मग तिने पोरांची नावं घेतली, कोण कितवीत गेलं ते सांगितलं, आणि टेप संपली.

ती मी काल परत ऐकली. ऐकत झोपलो.

काल माझा नंबर होता. आज नाही.

आज जाग आली तेव्हा उजाडलेलं होतं, म्हणजे इथे उजाडतं तेवढं. पायांना गार लागत होतं. मला वाटलं पांघरूण सरकलं. उठून बसलो तर चादर घोट्यापाशी भिजलेली होती, आणि हिरवी. माझ्या दोन्ही पायांना हरळीचे तुकडे चिकटले होते, बोटांच्या फटीत, टाचेला. पाय स्वच्छ होते. दोन महिने रॉकेलने पुसतोय, असे निघाले नव्हते.

चादरीच्या घडीत काहीतरी टोचलं. काळं, वाळलेलं, करवंटीच्या कपचीसारखं. फावडं पडलं त्या दिवसापासून डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, हलत होतं. रात्रीत सुटलं.

मी पाय खाली सोडून ते दोन पाय बघत बसलो. आम्ही दोघे भाऊ, पाय सारखे आहेतच. आई म्हणायची, अंधारात पाय चेपताना कोणाचे कुठले कळत नाहीत.

मग मला गुरुवारची यादी आठवली. आज गुरुवारच आहे. बस अजून येतात, मामांच्या शेजाऱ्याचा मुलगा गेल्याच आठवड्यात आला. मार्चपासून मी एकदाही तिकडे गेलो नाही.

नळी हुकावर गुंडाळलेली असेल. गोल असेल तर आज पाणी मी मारलंय, झोपेत, आणि मधल्या सगळ्या दिवसांत मीच मारत आलोय, आणि वहिनीने बांगड्या माझ्या पायांवरून फोडल्या. आठाची असेल तर दादा.

नळ दाराबाहेर सहा पावलांवर आहे. दुपार होत आली. मामांनी दोनदा हाक मारली. मी अजून बाहेर गेलेलो नाही.